दांडीखालचे मास्तर

नव्या पोराला वजन उचलताना इजा होते ती अकलेच्या अभावी, असं त्र्यंबक मास्तरांचं ठाम मत होतं. अक्कल त्यांच्यापाशी मुबलक होती, बी.ए. झाले होते ते. शिवाजी पेठेतल्या तालमीत लोखंडी दांडी आणि चकत्या त्यांनीच खटपट करून आणवल्या होत्या.

वस्ताद गणपतरावांना मात्र मातीपुढे लोखंड म्हणजे पोरखेळ वाटे. "एका जरी पोराचं हाड सरकलं," त्यांनी बजावलं होतं, "तर ह्यो समदा बाजार भंगारात. तुमच्याच डोक्यावरनं न्यायचा, मास्तर."

म्हणून मास्तरांनी नियम केला. बाकावर निजून दांडी उचलणाऱ्याच्या दोन्ही अंगांना दोघांनी उभं राहायचं. त्याचा दम संपला की दांडी धरायची. हे काम ज्ञानू आणि नबीलाल या जुन्या पोरांकडे आलं.

"मधी कुठं जायाचं न्हाय?" ज्ञानूनं विचारलं.

"घराला आग लागली तरी नाही."

"तुमच्या का आमच्या?" नबीलाल म्हणाला.

नव्या पोरांना समोर बसवून मास्तर स्वतःच बाकावर आडवे झाले. ज्ञानू आणि नबीलाल द्वारपालांसारखे उभे राहिले. दांडी वर गेली, खाली आली, पुन्हा गेली. शेवटी ती छातीवर टेकली ती टेकलीच. "हा पाहा, दम संपला," मास्तर समाधानानं म्हणाले. "आता हे दोघे..."

तेवढ्यात वस्ताद आत आले.

वस्तादांनी उंबरा ओलांडला की हातातलं टाकून पाया पडायचं, आणि ते 'जावा' म्हणेपर्यंत त्यांना पाठ दाखवायची नाही, हा तालमीचा रिवाज. आग त्यापुढं किरकोळ. ज्ञानू गेला, नबीलाल गेला, पोरंही गेली. दांडी तेवढी मास्तरांपाशी थांबली.

"मास्तर, पडून का?" पाया पडणाऱ्या पोरांच्या गर्दीआडून वस्तादांनी विचारलं.

मदत मागावी तर लोखंड भंगारात. "सराव... चाललाय," मास्तर म्हणाले.

"चालू द्या की." वस्ताद घोंगडीवर टेकले आणि त्यांनी कोडोलीच्या मैदानातली आपली कुस्ती सांगायला घेतली. गोष्टीतले गडी अजून लंगोटच कसत होते.

मास्तरांनी ज्ञानूकडे डोळे वटारले. ज्ञानूनं हात जोडलेलेच ठेवून डोळ्यांनीच माफी मागितली.

"वस्ताद, मास्तरांचं तोंड वांग्यागत..." नबीलालनं धीर केला.

"डाव रंगात आलाय. गप ऱ्हा."

प्रतिस्पर्धी एकदाचा चीतपट झाला. "जावा," वस्ताद म्हणाले, आणि दोघांनी धावत जाऊन दांडी उचलली. वस्ताद बघतच राहिले.

"म्हंजे माझी कुस्ती संपंस्तवर ह्ये छातीवर हुतं? आन् तक्रारीचा शबुद न्हाय! न्हाय मास्तर, तुमच्या लोखंडात दम हाय. ऱ्हाऊ दे तालमीत."

मास्तरांना बोलवेना. तो त्यांचा विनय समजला गेला.

"आन् आजपास्नं नेम," वस्ताद पोरांकडे वळले. "नव्या गड्यानं पयलं मास्तरांगत दांडीखाली पडायचं. मी कुस्ती सांगंस्तवर. कुणी धरायचं न्हाय."

पोरं मास्तरांकडे बघू लागली. 'मी अडकलो होतो,' एवढं म्हटलं की पोरं वाचत होती आणि लोखंड जात होतं. मास्तरांनी बरगड्या चाचपल्या, उरलासुरला श्वास गोळा केला आणि पोरांच्या सुरक्षिततेसाठी शक्य तेवढं केलं.

"वस्ताद," ते म्हणाले, "पोरं कोवळी आहेत. कुस्ती जरा आखूड सांगाल का?"