दिगंबरपंतांची तंबूगाडी

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होतं. नाव दिगंबरपंत काटदरे. बायकोचं नाव वत्सलाबाई. दोघांचं बीळ चांगलं ऐसपैस होतं. तरी पंतांना सुट्टीत जंगलात जाऊन राहायची फार हौस.

तुम्ही म्हणाल, जंगलातच राहणाऱ्याने जंगलात कशाला जायचं? विचारू नका. वत्सलाबाईंनीही विचारलं नव्हतं.

त्यांना फक्त कारवी बघायची होती. डोंगरापलीकडच्या उतारावर कारवी फुलते ती सात वर्षांतून एकदा, आणि फुलली की थोड्याच दिवसांत संपते. मागच्या खेपेला पंतांची सामानाची यादी पुरी होईतो फुलं वाळून गेली होती. वत्सलाबाई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. आठवडाभर.

यंदा पंतांनी तंबूगाडी आणली. दोन चाकांवरची एक पेटी. झाकण उघडलं की आतून तंबू उभा राहायचा आणि दोन्ही बाजूंना बिछाने बाहेर यायचे. ती ओढायला भिमाप्पा गव्याला सांगून ठेवलं. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं.

शनिवारी पंतांनी तपासणीसाठी अंगणात तंबू उभा केला. "झकास!" म्हणून ते आत एक गिरकी घेऊन आले. तंबूला अकरा भोकं पडली.

वत्सलाबाईंनी ठिगळं लावली. पंतांनी यादीत सुईदोरा घातला. मग सुई हरवली तर दुसरी सुई. मग कंदील, कंदील पेटला नाही तर बॅटरी, पोळपाट, तीन बरण्या लोणचं, आरामखुर्ची आणि एक मोठा दगड.

"दगड कशाला?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"खुंट्या ठोकायला."

"अहो, डोंगरावर दगड नसतील का?"

"असतील गं. पण हाताला बसलेला नसणार."

सोमवारी भिमाप्पा आला. खांद्यावर जू घेऊन त्याने जोर लावला. गाडी हलेना.

"काय ओ पंत, आत कोण बसलंय काय?"

"कोणी नाही. नुसतं गरजेचं सामान आहे."

"मग थोड्या गरजा उतरवा की."

पंत उतरवायला लागले. एकेक वस्तू बाहेर काढायची, ती का लागेल हे भिमाप्पाला समजावायचं, आणि पुन्हा आत ठेवायची. समजावताना आणखी दोन वस्तू आठवायच्या. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी भिमाप्पा समजावणं ऐकता ऐकता उभ्या उभ्या झोपला.

गुरुवारी एक बुलबुल उतारावरून उडत आला. "काय बहर आहे!" तो म्हणाला. "पण गळायला लागलाय हं."

वत्सलाबाई चौथी चादर घडी करत होत्या. त्यांनी ती तशीच खाली ठेवली.

"अहो, मी निघते."

"अगं, अजून चिमटे मोजायचे राहिलेत!"

"तुम्ही मोजा."

त्यांनी फडक्यात भाकरी-चटणी बांधली. पंत मागे मागे फिरायला लागले.

"पाऊस आला तर?"

"भिजेन."

"काटा मोडला तर?"

"माझ्याकडे पुष्कळ आहेत."

पंतांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. लग्नापासून ती दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी तो दगड बायकोच्या गाठोड्यात ठेवायला घेतला. वत्सलाबाईंनी तो हळूच काढून त्यांच्या हातात परत दिला.

भिमाप्पा रिकामाच होता. "मी पण बघितली नाही, वहिनी," म्हणत तोही निघाला.

उतारावर पाऊस आला. वत्सलाबाई आधी भिजल्या, मग भिमाप्पाच्या पोटाखाली जाऊन बसल्या. ऊन पडलं तेव्हा सगळा डोंगर समोर फुललेला होता. त्या बघत राहिल्या. भाकरी दुसऱ्या दिवशी संपली. तरी त्या तिसऱ्या दिवशीही बसून होत्या.

इकडे पंत अंगणात तंबूगाडी उघडून राहायला लागले. सामान लावलेलंच होतं. ससे आले, भेकरं आली, एक खवल्या मांजरही आलं. "पंत, बाहेर राहायला जाताना काय काय न्यावं हो?" पंतांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. तिसऱ्या दिवशी खुंट्यांवर स्वतंत्र व्याख्यान ठेवावं लागलं.

ते ऐन रंगात असताना वत्सलाबाई परत आल्या.

"अगं बाई, काय सांगू, डोंगरावर..."

"शूऽऽ वहिनी," ससा म्हणाला. "तिरप्या खुंटीचं चाललंय." मग त्याने आदराने विचारलं, "तुम्ही खरंच जाऊन आलात? काय काय नेलं होतं?"

"भाकरी."

सशाचे कान पडले. "अभ्यास कमी पडतो," तो शेजारच्या भेकराला कुजबुजला.

वत्सलाबाईंना हसू आलं. त्या शेवटच्या रांगेत बसल्या. तेवढ्यात पंतांनी त्यांना पाहिलं. खुंटी हातातच राहिली. ते व्याख्यान सोडून धावत आले, त्यांनी आरामखुर्ची आणून दिली, पाणी दिलं, आणि अगदी हळू विचारलं,

"बघितलीस?"

"बघितली."

"कशी होती गं?"

"निळी. नजर जाईल तिथवर निळी."

पंतांचे डोळे भरून आले. मग अंगावरचे काटे नीट करून ते पुन्हा पुढे गेले, घसा खाकरला आणि म्हणाले,

"तर मंडळी, कारवी निळी असते."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

तात्पर्य: जाऊन येणाऱ्याला फक्त डोंगर दिसतो. डोंगराचा जाणकार व्हायचं असेल, तर आपण घरी थांबावं आणि बायकोला पाठवावं.