साहेबांच्या गाडीचे ब्रेक वाजतात

पूर्वसूचना कार्यालयाच्या साहेबांच्या गाडीचे ब्रेक वाजू लागले, ही बाब प्रथम साहेबांच्याच निदर्शनास आली, कारण ते आत बसलेले होते. कार्यालय उताराच्या तळाशी होते. उतार संपतो तिथे रस्ता काटकोनात वळतो. जो वळणार नाही तो सरळ कार्यालयाच्या मोठ्या दालनात येतो, मध्ये फक्त एक भिंत. त्यामुळे रोज सकाळी त्या जागी ब्रेक दाबणे हे साहेबांच्या ड्रायव्हरचे मुख्य कर्तव्य होते, आणि ते पार पाडताना गाडी अशी काही किंचाळायची, की समोरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या कपातला चहा हिंदकळायचा.

कार्यालयाचे काम नावाप्रमाणेच होते. नळाला पाणी येणार नाही, वीज जाणार, रस्ता खणणार, असे काही घडणार असले की ते नागरिकांना आगाऊ कळवायचे. सूचना लिहिली जायची, तपासली जायची, छापून यायची, तिच्यातली चूक सापडायची, पुन्हा छापायला जायची. तोवर पाणी गेलेले असायचे आणि परत आलेलेही असायचे. मग ती वाटण्यात अर्थ उरत नसे आणि फेकून द्यायला परवानगी नसे. अशा न वाटलेल्या सूचनांचे गठ्ठे दालनाच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत रचून ठेवले होते.

साहेबांनी हेडक्लार्कना बोलावले. हेडक्लार्क म्हणजे या गोष्टीतला आपला माणूस. त्यांच्या हातून आजवर एकही काम बिघडले नव्हते, कारण एकही काम त्यांनी संपवलेच नव्हते.

"तो आवाज बंद करा," साहेब म्हणाले.

"करतो ना साहेब. आवाज कसला आहे, ते आधी ठरवून घेतो."

"ब्रेकचा आहे."

"ते आपण म्हणताय साहेब. कागदावर अजून तसं कुठे आलेलं नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि हेडक्लार्क बाहेर पडले. ही बातमी कर्मचाऱ्यांच्या कानावर घालणे त्यांचे कर्तव्य होते, म्हणून ते समोरच्या चहाच्या दुकानात गेले. कामाच्या वेळात सगळे कर्मचारी तिथेच भेटत.

"ब्रेक दुरुस्त होणार?" टायपिस्टबाईंच्या विणकामाच्या सुया जागच्या जागी थांबल्या. "अहो, असं कसं करून चालेल? उतारावर ती किंचाळी ऐकली की आम्ही इथून उठतो. गाडी लावून साहेब आत येईपर्यंत सगळे खुर्चीत. ती बंद झाली तर साहेब आले हे आम्हाला कळायचं कसं?"

"एखाद्या दिवशी मग अचानकच येतील की हो!" धाकटा कारकून म्हणाला.

अचानक म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगावर काटा आला. ब्रेक वाजू लागण्याआधीचे दिवस कुणीच विसरले नव्हते. तेव्हा रोज एकाला आळीपाळीने खिडकीत उभे राहून रस्त्यावर नजर ठेवावी लागे, आणि त्या बिचाऱ्याचा चहा गार होई. हेडक्लार्कांच्या मनाला ती आठवण फार लागली, कारण त्यांच्या पाळीला हमखास पाऊस असे. काही झाले तरी ही किंचाळी वाचवायची, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले.

पण साहेबांचा हुकूम होता, तेव्हा गाडी मेकॅनिककडे न्यावीच लागली. मेकॅनिक गाडीखाली सरपटत गेला आणि जरा वेळाने अर्धा बाहेर आला.

"पॅड घासलीत," तो म्हणाला. "ब्रेकच्या पॅडला बनवणारेच एक पत्र्याची पट्टी ठेवतात. पॅड संपत आलं, की ती चाकाच्या चकतीला घासते आणि बोंबलते."

"म्हणजे मुद्दाम ठेवलेली बोंब?"

"मुद्दामच. मालकाला कळायला नको, की बाबा रे, आता बदल?"

"म्हणजे हा बिघाड नाही?" हेडक्लार्कांचा आवाज कापरा झाला.

"बिघाड अजून व्हायचाय. ही त्याची सूचना आहे."

"आगाऊ?"

"आगाऊच. झाल्यावर देऊन काय उपयोग?"

हे शेवटचे वाक्य कार्यालयाला उद्देशून असावे असा हेडक्लार्कांना संशय आला. पण आनंदाच्या भरात त्यांनी ते मनावर घेतले नाही. गाडी तशीच परत आणवून ते थेट टेबलाशी बसले आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी एका बैठकीत टिपणी पूर्ण केली. 'सदर ध्वनी हा दोष नसून उत्पादकाने हेतुपुरस्सर केलेली पूर्वसूचना आहे. पूर्वसूचनांचे जतन हाच या कार्यालयाच्या स्थापनेचा हेतू असल्याने, सदर ध्वनी बंद केल्यास कार्यालयानेच पूर्वसूचना दडपली असा अर्थ निघेल. सबब, ध्वनी आहे तसा चालू ठेवावा.'

साहेबांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि खालून वर आलेल्या कागदावर करतात तशी सही केली. टिपणी वरच्या कार्यालयात गेली. तिथे तिचे फारच कौतुक झाले, कारण या कार्यालयाकडून घटना घडण्याआधी पोचलेला तो पहिलाच कागद होता.

ड्रायव्हरमामा सुरुवातीला कुरकुरले. "पाय खाली जातो माझा. रोज थोडा जास्त जातो," असे ते सांगत. पण चहाच्या दुकानात त्यांना पंख्याखालची खुर्ची मिळू लागली, बिस्किटे न मागता येऊ लागली, आणि मामांच्या लक्षात आले, की आपल्या अंगात कला आहे. पेडल हलके दाबले की किंचाळी लांबलचक निघते आणि ठोके देत दाबले की तुटक. मग साहेबांचा मूड बरा असला की लांब, बिघडलेला असला की तुटक, असे संकेत ठरले. त्यानुसार कर्मचारी कधी नुसतेच खुर्चीत बसत, तर कधी खुर्चीत बसून कागदही पुढ्यात घेत. कार्यालयाचा कारभार इतका सुरळीत पूर्वी कधीच चालला नव्हता.

यथावकाश साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभानंतर घरी सोडायला गाडी तयार होती. साहेबांनी हार गळ्यातून काढून मामांच्या हातात दिला आणि "मी चालत जातो," म्हणाले. चढ चढताना ते दोनदा थांबले, पण चेहऱ्यावर असे सुख होते की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

त्यांच्या जागी हेडक्लार्कांची नेमणूक झाली. नेमणुकीच्या पत्रात कारणही दिले होते: 'ब्रेकविषयक टिपणीत दाखवलेल्या दूरदृष्टीबद्दल.' धाकटा कारकून हेडक्लार्क झाला. नव्या साहेबांच्या बायकोने ते पत्र शेजारीपाजारी वाचून दाखवले, आणि पहिल्या सकाळी ते गाडीत बसताना ती दारात उभी राहून हात हलवत राहिली. साहेबांची छाती फुगली होती. ती उताराच्या माथ्यापर्यंत तशीच राहिली.

मग गाडी उतरू लागली. समोर काटकोनातले वळण, त्यामागे भिंत, आणि भिंत जागची हलत नसूनही मोठी होत होती. मामांनी पेडल दाबले. ती किंचाळी साहेबांनी दुकानात बसून रोज ऐकली होती, तिच्या जोरावर चहा संपवला होता. आतून ती पहिल्यांदाच ऐकली आणि त्यांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"मामा! आज माझा मूड बरा आहे असं धरूनच दाबताय ना?" ते कसेबसे म्हणाले.

"लांबच दिली साहेब. पहिला दिवस ना."

"मामा, पॅड बदलायला वेळ किती लागतो हो?"

"सकाळी टाकली की जेवणाच्या सुट्टीत हातात."

"मग बदलून टाका की आजच!"

मामांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिले. "साहेब, ध्वनी चालू ठेवावा, असा हुकूम आहे. तुमच्याच हातचा."

साहेबांनी नव्या हेडक्लार्कला बोलावले. कालपरवापर्यंत हा पोरगा त्यांच्यासमोर चळाचळा कापायचा. आता तो सावकाश आला.

"हे बघ, ते ब्रेकचं करून टाकू या."

"करू या ना साहेब. काय कारण लिहू?"

"अरे, मरेन मी एक दिवस!"

"ते पुढचं झालं साहेब. आज काय लिहू? आधीची टिपणी चुकीची होती, असं लिहावं लागेल. ती चुकीची ठरली, तर तिच्यावरून झालेली नेमणूक…" त्याने वाक्य सभ्यपणे तिथेच सोडले. "तुम्हीच शिकवलंत साहेब, एक वीट काढली की वरच्या सगळ्या हलतात."

साहेबांना त्या पोराचा राग आला, आणि आपण किती चांगले शिकवले याचा अभिमानही वाटला. स्वतःच हुकूम काढावा म्हटले, तर साहेबाने सही फक्त खालून आलेल्या कागदावर करायची असते. आणि खालून कागद येत नव्हता, कारण खालचे सगळे चहा पीत होते. चालत यावे म्हटले, तर अधिकाऱ्याने नेमून दिलेले वाहन वापरणे बंधनकारक होते, आणि तो नियमही त्यांनीच एकदा कुणाच्या तरी अंगावर घातला होता.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळे सांगितले.

"अहो, एवढं भ्यायला होतं तर लिहून द्या ना, चुकलं म्हणून," बायको म्हणाली.

"लिहिलं तर खुर्ची जाते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर…" साहेब पाणी प्यायले. "तर ते अजून कागदावर आलेलं नाही."

बायकोने ताट उचलले आणि दुसऱ्या दिवसापासून हात हलवायचे सोडून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत नुसती उभी राहू लागली.

काही दिवसांनी किंचाळी बंद पडून तिच्या जागी खरखर सुरू झाली. पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होते. दुकानात त्यावर चर्चा झाली. नवे साहेब जात्याच कडक आहेत, असे टायपिस्टबाईंचे मत पडले, आणि त्या दिवशी सगळ्यांनी घाबरून दुपारपर्यंत काम केले. साहेब रोज उतारावर डोळे मिटून घेत आणि दालनात शिरताना चेहरा करारी ठेवत. भीतीने त्यांचे वजन उतरले, तर लोक म्हणाले की कामाचा ताण आहे.

आणि एका सकाळी गाडी उतारावरून येताना काहीच वाजले नाही.

"मामा, आज आवाज नाही," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. त्यांना वाटले, देव पावला.

"साहेब, पायाला काही लागतच नाही," मामा म्हणाले. पेडल तळाला टेकले होते.

गाडी वळली नाही. भिंत फोडून ती कामाच्या वेळात दालनात शिरली, भिंतीलगतची टेबलांची रांग तिने काटक्या केली, आणि मागच्या गठ्ठ्यांत नाक खुपसून थांबली. पाणी जाण्याच्या, वीज जाण्याच्या, रस्ते खणण्याच्या त्या हजारो न वाटलेल्या सूचना वरून धबाधबा कोसळल्या. कार्यालयाच्या सूचनांमुळे अपघातातून कुणी वाचल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

साहेब आणि मामा धडधाकट बाहेर आले. साहेबांनी धुरळ्यातून पाहिले, तर चक्काचूर झालेल्या टेबलांमागे एकही माणूस नव्हता. भरल्या कामाच्या वेळेतले आपले कार्यालय त्यांनी साहेब म्हणून पहिल्यांदाच पाहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते.

रस्त्यापलीकडून हेडक्लार्क धावत आला. त्याच्या हातात कप तसाच होता.

"साहेब, हे बरं नाही झालं," तो म्हणाला. "निदान कळवायचं तरी आधी!"

चौकशी झाली. कर्मचारी जागेवर असते तर प्राणहानी झाली असती. ते जागेवर नव्हते, सबब त्यांनी दाखवलेल्या प्रसंगावधानाबद्दल त्यांचे अभिनंदन करण्यात आले. पूर्वसूचना न देता कार्यालयात आगमन केल्याबद्दल साहेबांकडून खुलासा मागवण्यात आला. त्यांनी तो नम्रपणे दिला आणि खुर्ची वाचवली.

मग नवी गाडी आली. तिचे ब्रेक असे मऊ, की थांबली तरी थांबल्याचे कळू नये. दुकानात शोककळा पसरली. त्याच दिवशी खालून वर एक कागद आला: 'नव्या वाहनास पूर्वीप्रमाणे ध्वनी येईपर्यंत त्याची पॅड बदलू नयेत.' साहेबांनी तो वाचला. भिंत नुकतीच नव्याने बांधून रंगवली होती, ती त्यांना खिडकीतून दिसत होती. त्यांनी खाली सही केली.

तुम्हाला हसू आले असेल, तर आमची हरकत नाही. हे तुम्ही कुठे बसून वाचताय, हेही आम्ही विचारत नाही. पण कामाच्या वेळात वाचत असाल, तर एक कान दाराबाहेर ठेवूनच वाचत असणार. बाहेर काहीतरी करकरत असेल तर हे मिटून कागद पुढ्यात घ्या. आणि काहीच ऐकू येत नसेल, तर खुर्ची तेवढी भिंतीपासून जरा लांब सरकवा.