असोद्याचे नाना मॉरिशसला

असोद्याचे नामदेवनाना ड्रायव्हरची मुलाखत घेतल्याशिवाय कुठल्याही गाडीत बसत नसत. एस.टी. असो, टॅक्सी असो, नाहीतर वऱ्हाडाची लक्झरी असो. बाकीचे लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत, तेव्हा नाना ड्रायव्हरच्या दारापाशी उभे असत. "नाव काय? गाव कोनतं? जेवन झालं? काल झोप किती झाली?" एवढी उत्तरं मनासारखी मिळाली, की मगच ते आत येत. तोवर जागा गेलेली असे. मग असोदा ते जळगाव उभ्यानं. "उभा हाये, पन वयखीच्या मानसाच्या गाडीत उभा हाये," असं वर शेजारच्याला ऐकवत.

एकदा भाच्याच्या लग्नाला भुसावळला जाताना लक्झरीच्या ड्रायव्हरचे डोळे त्यांना लाल दिसले. नानांनी त्याला खाली उतरवलं, लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकून दिली आणि तासभर झोपायला लावलं. आत सत्तर माणसं, बँडवाले, नवरदेव घामानं भिजलेला. मुहूर्त हुकला. व्याही तणतणले. नाना म्हणाले, "लगन उशिरा लागलं तरी लागतं. इषय संपला."

'इषय संपला' हे नानांचं आवडतं वाक्य. ते म्हटलं, की समोरच्यानं गप्प बसायचं. त्यांच्या बोलण्यात 'ळ' हे अक्षर नव्हतं. केळी म्हणजे केयी, काळजी म्हणजे कायजी. मी धुळ्याचा, म्हणून मी धुयेकर. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे. माझं धुळ्यात पाइप आणि पंपांचं दुकान, त्यांचं जळगावात. शिवाय त्यांची असोद्याला केळीची मोठी बाग. एकाच कंपनीचा माल विकायचो, म्हणून वर्षातून चार-सहा वेळा भेट व्हायची.

दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे नानांना न विचारता कळत असे. म्हणजे तशी त्यांची खात्री असे. पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा गिरजाकाकू, त्यांच्या पत्नी, भाकरी घेऊन बाहेर आल्या. मी हो म्हणायच्या आत नाना म्हणाले, "धुयेकरले आता नको. त्याले उन्हाचं जास्त जात नही." मला अजून दोन भाकरी सहज गेल्या असत्या. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ताटात भाकरी टाकली आणि आत गेल्या. काकू लहानखुऱ्या आणि अगदी कमी बोलणाऱ्या. नानांच्या घरात बोलायला तशी जागाही कमीच होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात आमच्याकडे केळीला ठिबक सिंचन आलं आणि पाइपांचा खप असा वाढला, की कंपनीनं खूश होऊन आम्हा काही दुकानदारांना पाच दिवस मॉरिशसला न्यायचं ठरवलं. जोडीनं. माझ्या मुलीची दहावी होती, त्यामुळे बायको घरी राहिली. नानाही एकटेच निघाले.

"काकू नाही?" मी मुंबईच्या विमानतळावर विचारलं.

"तिले गाडी लागते," नाना म्हणाले. "एरंडोलहून पद्मालयाच्या गनपतीले गेलो तं तीनदा गाडी थांबवा लागली. इमान कोन थांबोईन? इषय संपला."

विमानाच्या दारात शिरताच नाना आत, आपल्या खुर्चीकडे वळण्याऐवजी, पुढच्या बाजूला वळले. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. हवाईसुंदरी आडवी आली.

"बाई, डायव्हर कुठी हाये?"

तिला कळेना. मागं रांग खोळंबलेली. आमचे बाकीचे दुकानदार छताकडे बघायला लागले, जणू हे आमच्यातले नव्हेतच. मी पुढे होऊन इंग्रजीत सांगितलं, की या गृहस्थांना पायलटना नमस्कार करायचा आहे. ती हसली आणि म्हणाली, आधी बसा, विमान वर गेलं की विचारते. नाना बसले, पण टेकून बसले नाहीत. विमान धावायला लागलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "न पायता बसलो, धुयेकर. पयल्यांदा."

तासाभरानं ती खरंच बोलवायला आली. तेव्हा तसं चालत असे. मी दुभाष्या म्हणून मागोमाग गेलो. नानांनी कॅप्टनला नाव, गाव, जेवण आणि झोप असे सगळे प्रश्न विचारले. त्या भल्या माणसानंही सगळी उत्तरं दिली. परत येताना नाना आमच्या प्रत्येक ओळीपाशी थांबून अहवाल देत होते. "चांगला मानूस हाये. दोन पोरी हायेत. आठ तास झोपला. झोपा आता बिनघोर." मग माझ्या कानाशी येऊन, "दोन डायव्हर हायेत, धुयेकर. आन दोघांले येगयेगयं जेवन देतात. एकाले बाधलं तं दुसरा शाबूत. केवढा इचार केला पाय!"

नाना पुढचे चार तास घोरले. मी जागा.

रिसॉर्ट समुद्राला लागूनच होतं. आम्ही दोघं एकटे, म्हणून आम्हाला एक खोली दिली होती. दार उघडलं तर मधोमध एकच मोठा पलंग, त्यावर लाल पाकळ्या पसरलेल्या आणि टॉवेलांचे दोन राजहंस माना एकमेकांत घालून बसलेले.

"हे कोनाचं काम?"

"त्यांना वाटलं असेल, नवीन जोडपं येतंय," मी म्हणालो.

नानांनी एक हंस मानेला धरून उचलला, झटकला आणि त्यानं तोंड पुसलं. "टावेल हाये. टावेलासारखा ठेवाले काय होतं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा हंस. नानांनी पुन्हा झटकले. तिसऱ्या दिवशी खोली आवरणाऱ्यानं बहुधा हार मानली आणि टॉवेलाचा हत्ती केला. नाना अंघोळीहून ओलेत्यानं बाहेर आले, हत्तीसमोर थबकले आणि आपल्या उपरण्यानं अंग पुसायला लागले. "ह्याले हात नको लावू," मला म्हणाले. "गनपती हाये."

समुद्रात नाना शिरले नाहीत. सगळे पाण्यात डुंबत असताना ते बागेत फिरत असत. तिथं शोभेसाठी केळीची झाडं लावली होती आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांची, म्हणजे कोंबांची, गर्दी झाली होती. नानांना ते बघवेना. "आईले चोखून खातात ही पोरं. घड कसा पोसंन?" माळ्याच्या हातातला कोयता त्यांनी मागून घेतला. म्हणजे माळ्याला काही कळण्याआधीच तो नानांच्या हातात होता. अर्ध्या तासात चौदा झाडं मोकळी झाली. रिसॉर्टचा मॅनेजर धावत आला. माळी मात्र खाली बसून बुंधे चाचपत होता आणि मान डोलवत होता. त्याला आणि नानांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी त्यांचं बराच वेळ जोरजोरात बोलणं चाललं होतं. दुसऱ्या दिवसापासून माळी नाना दिसले की उभा राहून सलाम करायचा.

चौथ्या दिवशी आम्हाला तळाला काच बसवलेल्या होडीतून जवळच्या एका छोट्या बेटावर नेणार होते. नावाड्याची मुलाखत झाली, होडी निघाली. किनाऱ्यालगतचं पाणी शांत होतं, पण पुढं लाटा सुरू झाल्या आणि आमच्यातल्या विमलवहिनींना होडी लागली. वहिनी पारोळ्याच्या दुकानदाराच्या पत्नी. काठाला वाकून त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. नाना लगेच उठले, पिशवीतून सुंठेची पुडी काढली, चिमूटभर वहिनींच्या तळहातावर ठेवली आणि नावाड्याला हातानं खूण केली : मागं फिरव.

"नको!" वहिनी ओरडल्या. "मागं नाही फिरायचं!"

"वयनी, तुमाले सोसनार नही..."

"नाना, मला सोसतं की नाही ते माझं मला बघू द्या."

एवढं म्हणून त्या पुन्हा वाकल्या. मग तोंड पुसून होडीच्या तळाच्या काचेपाशी सरळ मांडी घालून बसल्या. चेहरा पांढराफटक, पदर तोंडाशी. आणि मध्येच नवऱ्याला हलवून, "अहो, तो पिवळा पाहा! अहो, केवढा थवा!" पुन्हा काठाशी. पुन्हा काच. बेटावर उतरल्यावर तर त्यांनी नऊवारीचा काठ वर खोचला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली की एवढ्या खळखळून हसत होत्या, की आम्ही सगळे बघत राहिलो.

नाना वाळूवर बसले होते. त्यांची नजर विमलवहिनींवरून हलत नव्हती. परतीच्या होडीत वहिनींना पुन्हा लागलं. नानांनी सुंठ पुढे केली. नावाड्याला खूण केली नाही.

दुपारी जेवताना नाना गप्प. माझ्या ताटात काय असावं, यावरही त्यांचं काही मत नव्हतं, तेव्हा मी घाबरलो. खोलीत आल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले.

"धुयेकर, ती बाई ओकली का नही?"

"ओकली ना. जाताना आणि येताना."

"आन तरी हासे?"

"हो."

बराच वेळ टोपीशी चाळा झाला. मग म्हणाले, "हिनं दीड महिना झाला, माह्यासंगं बोलनं टाकलं हाये."

"काकूंनी?"

"शेजारची आली, म्हने, दोघं जाऊ राहिले ना? हिले तं माह्यतच नव्हतं का जोडीनं न्यायचं हाये म्हनून. मी सांगलंच नही. त्या रोजापासून ताट वाढते, पानी देते, पन शब्द नही. ब्याग तिनंच भरली. ही सुंठ तिनंच टाकली. मी निघालो, दारात उभी राहिली. बोलली नही."

"नाना, तुम्ही त्यांना विचारलं होतं का, येता का म्हणून?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारसीत बोललो. "इचाराचं काय त्यात? मले माह्यत हाये ना, ती..." आणि थांबले. समोरच्या भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "मले वाटलं, मले माह्यत हाये."

ते उठले, टोपी नीट घातली, पायात चपला घातल्या. "चाल. फोन लावून दे."

पाच वाजत आले होते. स्वागतकक्षात काउंटरवर फोन होता आणि समोरच्या मोठ्या खिडकीतून सगळा समुद्र दिसत होता. मी काउंटरवरच्या मुलीला असोद्याचा नंबर लिहून दिला. तिनं दोन-तीनदा फिरवला. लागल्यावर रिसीव्हर नानांच्या हातात दिला आणि मी चार पावलं मागं सरलो. त्याचा काही उपयोग नव्हता. नाना मॉरिशसहून असोद्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होते.

"हॅलो. कोन? ... मी बोलतो."

शांतता.

"आयकू येतं का?"

नानांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. कपाळावर घाम आला होता. चौदा झाडांची पिलं कापताना आला नव्हता एवढा.

"नको बोलू. आयक तं. मी तुले इचाराले फोन केला. ... इमानात येशीन का तू माह्यासंगं? आता नही. पुढं कव्हा. अठीच असं नही, तू म्हनशीन तठी. लागलं तं लागलं, मी बसतो ना बाजूले सुंठ घेऊन. ... मी सांगत नही, इचारतो हाये. येशीन का?"

काउंटरवरची मुलगीसुद्धा लिहायची थांबून बघायला लागली. तिला काय कळलं कुणास ठाऊक.

मग नानांचा चेहरा हळूहळू सैल झाला. रिसीव्हरवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले. डोळे भरले होते आणि दात सगळे दिसत होते.

"नही म्हने!" ते म्हणाले. "नही येनार म्हने!"

मला वाटलं, आता ठेवतील. पण तिकडून काहीतरी विचारलं गेलं. नाना दचकून पुन्हा फोनला कान लावून उभे राहिले आणि खिडकीकडे तोंड केलं.

"कसा म्हंजे? ... समुद्र हाये. मोठा हाये. ... पानी? पानी नियं हाये. ... नही, अभायासारखं नही. थांब, पाहू दे."

फोनची वायर ताणता येईल तेवढी ताणून ते काचेजवळ गेले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी त्या समुद्राकडे नीट पाहिलं असावं.

"तुह्यं ते नियं लुगडं नव्हतं का?" ते म्हणाले. आवाज आता अगदी खाली आला होता, असोदा सोडा, काउंटरपर्यंतही जेमतेम पोचत होता. "भुसावयहून आनलं ते नही गं. त्याच्या आधीचं. आपली सुनी झाली तव्हा, तिच्या बारशाले नेसली व्हती ते, हिरव्या काठाचं. तसं हाये. मधी सगयं नियं, आन कडीले काठ."