हत्तीवाले तात्या

अमेरिकेतल्या एका निवडणुकीत ‘आपली’ पार्टी हरली, तेव्हा रंगनाथतात्यांनी तीन दिवस दाढी केली नाही. चौथ्या दिवशी न्हाव्याने कारण विचारलं. तात्या म्हणाले, "घरचंच समज."

घरचं तिकडे कोणीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नवा माणूस हटकून विचारतो, "मुलगा तिकडं असतो का?" तात्यांचा एकुलता एक मुलगा गावातच असतो, पेरूची बाग बघतो आणि अमेरिकेबद्दल त्याला काहीही म्हणायचं नसतं. तात्या स्वतः साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांच्या हजेऱ्या मांडून निवृत्त झाले. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास सुरतेपर्यंतचा. तोही एका लग्नासाठी, आणि तिथलं जेवण गोड होतं म्हणून ते अजून नाराज आहेत.

आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, फाट्यावरून आत. ग्रामपंचायतीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानापुढे एक बाक आहे. बाक मी गिऱ्हाइकांसाठी टाकला होता. रोज सकाळी आठ वाजता तात्या येतात, मोबाईल गुडघ्यावर उभा करतात आणि एका टायवाल्या गृहस्थाचं भाषण लावतात. हा गृहस्थ अमेरिकेत बसून टेबलावर हात आपटत देशाची काळजी करतो. तात्यांना त्याचं निम्मं इंग्रजी कळतं. उरलेलं निम्मं त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

"मीडिया विकली गेली," भाषण संपलं की तात्या जाहीर करतात. कुठली मीडिया, असं मी एकदा विचारलं. तात्यांनी तिथल्या एका पेपरचं नाव घेतलं. तो पेपर त्यांनी कधी पाहिलेला नाही. पण माझ्याकडे असं रोखून बघितलं, की तो मीच छापतो की काय असं मला वाटायला लागलं.

तिकडच्या दोन पार्ट्यांच्या निशाण्या हत्ती आणि गाढव. तात्या हत्तीवाले. गाढवाच्या बाजूला गायकवाड मास्तर. मास्तर म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, गावातल्या बौद्ध वस्तीत राहणारे, तात्यांचे पहिलीपासूनचे वर्गबंधू. गाढव त्यांनी हौसेने घेतलेलं नाही. तात्यांसमोर कोणीतरी बसायला हवं म्हणून घेतलं.

"हत्ती खरं तर आमच्या पक्षाचा," मास्तर मधूनमधून म्हणायचे. "तो तुझ्याकडं कसा गेला, हेच कळत नाही."

दोघांचा आवडता विषय म्हणजे दगड. अमेरिकेत कुठल्याशा कोर्टाच्या आवारात त्यांच्या धर्माच्या दहा आज्ञा कोरलेला दगड उभा आहे. तो ठेवायचा की काढायचा, यावर आमच्या बाकावर चार वर्षं सुनावणी चालली. तात्यांनी त्या दहा आज्ञा मराठीतून मिळवल्या आणि माझ्याकडून झेरॉक्स काढून घेतल्या. शेजाऱ्याच्या बैलाचा आणि गाढवाचा लोभ धरू नये, हे शेवटचं कलम वाचून ते थक्क झाले. "हे आपल्याच तालुक्यात लिवल्यालं हाय," ते म्हणाले.

"आईबापाचा मान राखा, असं कोर्टाच्या दारात लिवलं तर कोनाचं पोट दुखतंय?" तात्या विचारायचे.

"चांगलंच आहे ते. पण ते घरात लिही. सरकारच्या दारात कोणाचाच देव नको," मास्तर म्हणायचे. "दार सगळ्यांचं असतं."

"दगड हाय तो, मास्तर! चावतोय का कुनाला?"

असा अकरापर्यंत खल व्हायचा. मग मास्तर पेपरची घडी करायचे, तात्या धोतराची धूळ झटकायचे आणि दोघं आपापल्या घरी जेवायला जायचे. भांडण म्हणावं तर आवाज मोठे. पण मास्तरांना यायला पाच मिनिटं उशीर झाला, की तात्या तीनदा रस्त्याकडे बघायचे.

गावातल्या गोष्टींवर मात्र एक शब्द नाही. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत निम्मा जिल्हा कंबर मोडून घेत होता, पण तात्यांना विचारलं तर म्हणत, "लोकल मॅटर हाय. आपन त्यात पडत न्हाई." हा मला बरीच वर्षं निव्वळ चक्रमपणा वाटायचा. पुढे कळलं, की दोघांनी अमेरिका निवडली होती ती फार विचार करून. तिथे कितीही भांडलं तरी गावात परत येता येत होतं.

मग ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. सरपंच म्हणजे तात्यांचा सख्खा पुतण्या. कार्यालयात सत्यनारायण घालून कामकाज सुरू करायचं त्याने ठरवलं. येत्या ग्रामसभेत पूजेच्या बाजूने बोलायला त्याने तात्यांना सांगितलं. गावात सरकारी दारातल्या देवाची बाजू इतक्या वर्षांच्या सरावाने मांडू शकणारा दुसरा माणूस नव्हताच.

दुसऱ्या दिवशी बाकावर मास्तरांनी पेपर उघडलाच नाही.

"तात्या, आता लोकल मॅटर आलंय. तुझं काय म्हणणं आहे?"

तात्यांनी टायवाल्याचा आवाज बंद केला. "दगड राहू द्या म्हनलो चार वर्सं. आता पूजेला न्हाई कसं म्हनू? मानूस एका तोंडाचा पायजे."

"जुन्या चावडीत पूजा असली, की माझा बाप पायरीखाली उभा राहायचा," मास्तर शांतपणे म्हणाले. "प्रसाद वरून टाकायचे. तू आत होतास. तुला आठवत असेल."

मास्तर उठले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

ते आठ दिवस मला फार जड गेले. तात्यांनी मला गाढववाला नेमलं. पण माझं दुकान आहे. मी दोन मिनिटांत दगड मान्य करून टाकायचो. "आरं, जरा तरी लढ की," तात्या काकुळतीला येऊन म्हणायचे. सातव्या दिवशी टायवाला टेबल बडवत होता आणि तात्या मोबाईलकडे बघतही नव्हते. वस्तीकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. एवढं वाटतंय तर उठून जावं ना माणसाने.

ग्रामसभेला गर्दी झाली. मास्तर मागे, दाराजवळ उभे होते. सरपंचाने अभिमानाने काकांचं नाव पुकारलं. तात्या उठले, घसा साफ केला.

"पूजा मारुतीच्या पारावर घाला. समद्यांनी एका वळीत बसून परसाद खायचा. हापिसात न्हाई."

"अवो तात्या," कोणीतरी ओरडलं, "तुमी तर दगडवाले!"

"आजून हाय. पन त्यो दगड अमेरिकेत हाय." तात्यांनी दाराकडे बघितलं. "तितं माजा कोनी पायरीखाली उभा न्हाई."

एवढं बोलून ते खाली बसले. पूजा पारावर झाली. मीडियाने काकांना विकत घेतलं, असं सरपंच पुढे महिनाभर सांगत होता.

सभेनंतर मास्तर न बोलता निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या बाकावर बसलेच नाहीत. "चल माज्यासंगं," मला म्हणाले. "एकट्याला जायला कसंतरीच वाटतंय." मी शटर ओढलं.

मास्तर ओट्यावर तांदूळ निवडत होते. आम्हाला बघून उठले. तात्या अंगणातच थांबले, वहाणा पायातच ठेवून.

"मास्तर, ही गेल्यापास्नं घरात माज्याशी कोनी बोलत न्हाई. सून भाकरी ठिवती आन जाती. पोराला येळ न्हाई. आट दिस मी कुनाशी बोललो न्हाई." मग म्हणाले, "त्या टायवाल्याचं काय एवढं न्हाई रं. तू येतूस म्हनून लावतो."

मास्तरांनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"दगडाबाबत तू अजून चुकतोयसच," ते म्हणाले.

"आसंन. पन तू ये."

"ये आत. बाहेर का उभा?"

तात्या उंबऱ्याशी घुटमळले, आणि ते का घुटमळले हे आम्हा तिघांनाही कळलं. पहिलीपासूनची दोस्ती, शाळेत, फाट्यावर, बाकावर शेजारी शेजारी बसलेले, पण तात्या या घरात कधी आले नव्हते. कोणी अडवलं नव्हतं. ते आलेच नव्हते.

त्यांनी वहाणा काढल्या आणि आत जाऊन खाटेवर बसले. मास्तरांच्या बायकोने चहा आणला. तात्यांनी तो संपवला, कप पुढे केला आणि मान खाली घालून म्हणाले, "वैनी, आजून अर्धा मिळंल का?"