विनूभाऊंचा जिवंत डेमो

स्टेजवर जायच्या आधी विनूभाऊ लॅपटॉपची क्षमा मागतात. दोन्ही हातांनी झाकण उघडायचं, कपाळ जवळजवळ स्क्रीनला टेकवायचं आणि हळूच म्हणायचं, "सांभाळून घे रं बाबा. चुकलं तर माझं, जमलं तर तुझं." मग शर्टाची वरची गुंडी लावून माइककडे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस यंत्राचा नवस फेडतोय.

अलिबागला आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. विनूभाऊ तिच्यातले सगळ्यांत वयस्कर. आधी एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये होते, मग कॉम्प्युटर शिकत शिकत आमच्यात आले. मी टेस्टिंग करते, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. म्हणून ते मला 'चुकाबाय' म्हणतात. आमचा प्रोग्रॅम करतो एवढंच, की माणूस मराठीत बोलत जातो आणि त्याचे शब्द मोठ्या अक्षरांत स्क्रीनवर उमटत जातात. पुस्तकी मराठी तर समजतेच, पण 'हाय-न्हाय-व्हय'ही समजावं म्हणून आमची धडपड.

हा प्रोग्रॅम परिषदांमधून लोकांना दाखवायचं काम विनूभाऊंचं. आणि तिथेच सगळा घोळ. आमच्या मालकीणबाई मृण्मयी मॅडम म्हणतात, आधी रेकॉर्ड करून ठेवा आणि व्हिडिओ दाखवा. विनूभाऊंना व्हिडिओचं नाव काढलेलं खपत नाही. "व्हिडिओ म्हणजे फोटोतलं पापलेट," ते म्हणतात. "दिसतंय झकास. पण भूक भागते काय?" डेमो कसा हवा? जिवंत!

हॉलमधल्या विजेवरही त्यांचा भरवसा नाही. स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड टॉवेलात गुंडाळून पिशवीतून नेतात. "परक्या घरी पाणी प्यावं, पण प्लग लावू नये," हे त्यांचं आणखी एक वचन.

जिवंत डेमोत काय काय होतं ते मी पाहिलंय. पनवेलच्या एका कॉलेजात त्यांनी समोरच्या एका काकांना काहीतरी बोलायला सांगितलं. काका म्हणाले, "उद्या मोठी भरती आहे." प्रोग्रॅमने अक्षर न चुकता तेवढंच लिहिलं. मागच्या बाकांवर शेवटच्या वर्षाची मुलं पेंगत होती. ती खाडकन जागी झाली आणि डेमो संपल्यावर बायोडेटा घेऊन रांगेत उभी राहिली. विनूभाऊंनी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बाला, ती समुद्राची हाय रं."

यंदा किहीमला एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये मोठी तांत्रिक परिषद होती. पुण्याची एक कंपनी आमचा प्रोग्रॅम विकत घ्यायचा की नाही हे ठरवायला येणार होती. आमचं काम पुढे चालणार की बंद पडणार, ते या एका डेमोवर होतं. मृण्मयी मॅडमनी विनूभाऊंच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. "विनूभाऊ, हात जोडते. फक्त व्हिडिओ लावा."

"व्हय," विनूभाऊ म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की मला तिथेच धडकी भरली.

स्टेजवर क्षमायाचना झाली, गुंडी लागली. त्यांनी पेन ड्राइव्ह उंच धरून सगळ्यांना दाखवला. "आमच्या मॅडमनी व्हिडिओ दिलाय. छान हाय. पण त्यात मागच्या महिन्यातला मी हाय. आजचा हितं उभा असताना तो कशाला?" आणि पेन ड्राइव्ह खिशात टाकला. शेजारी बसलेल्या मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं.

पुण्याच्या साहेबांना त्यांनी बोलायला सांगितलं. साहेब एका दमात चार वाक्यं बोलून गेले. स्क्रीन कोरी. सगळा हॉल कोऱ्या स्क्रीनकडे बघतोय आणि बाहेर माडांची सळसळ ऐकू येतेय.

"विचार करतंय," विनूभाऊ शांतपणे म्हणाले. "बायकोनं 'कुठं होता' विचारलं, तर आपण तरी लगेच उत्तर देतो काय?"

हॉल हसला. तेवढ्यात स्क्रीन जागी झाली. साहेबांची चारही वाक्यं झरझर उमटली, आणि त्यांच्या खाली विनूभाऊंचं बायकोवरचं वाक्यही. सगळ्यांचं हसून संपलं होतं. तेव्हा तिसऱ्या रांगेतून एकच हसू आलं. मोकळं, खळखळून. हिरव्या साडीतल्या एक बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

विनूभाऊ पुढचं बोलायचंच विसरले. तसेच उभे राहून त्या बाईंकडे बघत राहिले.

पुढचा डेमो छान झाला म्हणायचा. दोनदा अडखळला, एकदा 'बोंबील'चं 'मोबाईल' झालं आणि कुणाच्या तरी अंगणात ताजे मोबाईल वाळत पडले. पुण्याच्या साहेबांनी मॅडमना पुढची बोलणी करायला बोलावलं. "मात्र डेमोला यांनाच आणा," ते म्हणाले, "आणि व्हिडिओ नको."

चहाच्या वेळी विनूभाऊंनी त्या हिरव्या साडीतल्या बाईंशी माझी ओळख करून दिली. "ही सुलभा, आमची मंडळी. कान गेलेत तिचे, सात-आठ वर्षं झाली. हितं बोल, म्हंजे वाचंल ती." त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांवर धरला होता, स्क्रीन वहिनींकडे करून. रोज संध्याकाळी घरी दोघांचं बोलणं असंच चालतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं बरोबर काम करून विनूभाऊ घराविषयी कधी अवाक्षर बोलले नव्हते.

मी म्हणाले, "वहिनी, तुम्ही याआधी कधी आला नाहीत?"

त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुठंच जात नव्हते गं बाय. लग्नात, हळदीला चार बाया हसल्या की मी पण हसायची. कशाला हसतात ते ठाव नसायचं. मग जायचंच सोडलं." जरा थांबून म्हणाल्या, "आज कळून हसले."

एव्हाना आजूबाजूला माणसं जमली होती. कुणी नाव विचारत होतं, कुणी माहेर. कुणाला हे आपल्या आईसाठी कधी मिळेल ते हवं होतं. वहिनी एकेकाचं वाचून उत्तरं देत होत्या. थळच्या सुक्या मासळीवरून तर त्यांनी एका प्रोफेसरांशी चांगला वादच घातला.

आणि बोलून कधी न दमणारे विनूभाऊ गप्प होते. जो बोलेल त्याच्यापुढे लॅपटॉप न्यायचा, मग स्क्रीन वहिनींकडे वळवायची, एवढंच चाललं होतं. त्यांचा चहा टेबलावर निवत होता.

"विनूभाऊ, द्या मी धरते," मी म्हटलं. "हात दुखले असतील."

"दुखू देत," ते वहिनींवरची नजर न हलवता म्हणाले. "बोलू दे तिला."