लोमविकच्या बर्फाची बदली

लोमविकच्या महिला आइस हॉकी क्लबनं सलग नऊ वर्षं अजिंक्यपद जिंकलं, म्हणून नगरपालिकेनं त्यांच्या बर्फाची बदली केली. तीही नेमकी दहाव्या अंतिम सामन्याच्या आठवड्यात.

लोमविक हे नॉर्वेच्या पार वरच्या अंगाचं एक लहानसं बंदर. तिथं मैदानातला बर्फ नगरपालिकेच्या नोकरीत असतो. त्याचं सेवापुस्तक असतं, नेमणुकीची तारीख असते, नोंदलेला पत्ता असतो. तेव्हा बदली होण्यात नवल काहीच नव्हतं. चीड येण्यासारखं होतं ते कारण. कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर हुकमाची प्रत डकवली होती, तिच्यात लिहिलं होतं: ‘महिला क्लबच्या यशास सदर बर्फ कारणीभूत असल्याचे चौकशीअंती निष्पन्न झाले आहे. सबब, त्याच्या सेवेचा लाभ आता पुरुष क्लबला मिळावा.’

पुरुष क्लब बंदराच्या पलीकडच्या मैदानावर खेळायचा. अकरा वर्षं तो शेवटून पहिला येत होता.

गुनवोरनं हुकूम उभ्या उभ्या दोनदा वाचला. ती क्लबची गोलरक्षक. वय चाळीस. दिवसा कॉड मासे साफ करण्याच्या कारखान्यात काम करायची आणि संध्याकाळी गोलच्या तोंडाशी उभी राहायची. नऊ वर्षांत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती, ती पुन्हा सरळ झाली नव्हती. बाई मुळात कमी बोलणारी. पण त्या दिवशी तिचे कान लाल झाले.

“तूवा, हे वाचलंस?”

तूवा संघाची कर्णधार. ती बुटाच्या नाड्या बांधत होती. “वाचलं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत बर्फाला मोकळं करायचंय. शनिवारी सामना. आपण काय सिमेंटवर घसरायचं?”

“ते राहू दे गं. हे वाच. ‘बर्फ कारणीभूत.’ मग मी तिथं उभी राहून काय करत होते? हवा खात होते?”

बुधवारी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती नगरपालिकेच्या शीत विभागात गेली. तिथले अधिकारी ब्रेक्के म्हणून एक गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली, हाताला माशांचा वास येत होता तरी हात मिळवला.

“बाई, चौकशी अगदी रीतसर झालीय,” ते म्हणाले. “नऊ वर्षांत तुमच्या संघातल्या बऱ्याच बायका बदलल्या. प्रशिक्षक दोनदा बदलले. गणवेश बदलला. न बदललेलं एकच सापडलं, बर्फ.”

“मी पण बदलले नाही.”

ब्रेक्केंनी फाईल उघडली. एकेक पान ओलं बोट लावून उलटलं. शेवटच्या पानापर्यंत गेले, मग पहिल्यापासून पुन्हा पाहिलं.

“तुमचं नाव यात कुठं दिसत नाही,” ते म्हणाले.

“मी नऊ वर्षं गोल अडवतेय, साहेब.”

“असेल हो. मी कुठं नाही म्हणतोय? पण फाईलमध्ये फक्त किती गोल झाले तेवढं येतं. जे झालेच नाहीत त्यांची नोंद कशी ठेवणार?”

आवाज चढवायची गुनवोरला सवय नव्हती, आणि रडायचं तर तिनं मुळीच ठरवलेलं नव्हतं. तिनं विचारलं, “हुकूम लागू कधी होतो?”

“बर्फाच्या नोंदलेल्या पत्त्यावर पोचला की. शुक्रवारी मी जातीनं येणार आहे. बारापर्यंत पोचला नाही तर रद्द होतो, मग पुढच्या हंगामापर्यंत काही करता येत नाही. पण तसं आजवर कधी झालेलं नाही.”

“आणि पत्ता काय लिहिलाय?”

ब्रेक्केंनी सेवापुस्तक काढलं. “उत्तरेकडचा गोल. जाळीच्या आत.”

पत्ता बरोबर होता. त्या मैदानावर पाण्याचा नळ उत्तरेच्या गोलमागं आहे. बर्फ घालायचा म्हणजे कोमट पाण्याची नळी धरायची, जाळीच्या आतून सुरुवात करायची आणि पातळ पातळ थर देत उलट्या पावलांनी मागं मागं यायचं. पहिला थर तिथं धरतो, म्हणून नेमणुकीच्या वेळी कारकुनानं तोच पत्ता लिहून घेतला होता.

“बरं,” गुनवोर म्हणाली आणि उठली.

शुक्रवारी सकाळी अकराला ब्रेक्के मैदानावर आले. कातडी बुटांवर त्यांनी रबरी आवरणं चढवली होती आणि हातात लांब लिफाफा होता. उत्तरेच्या गोलमध्ये गुनवोर उभी होती. पायाला जाड गाद्या, तोंडावर जाळी, हातात रुंद काठी.

“बाई, जरा बाजूला व्हा. हुकूम बजावायचाय.”

“बजावा की. मी काय तुमचा हात धरलाय? आमचा सराव चाललाय, तुमचं चालू द्या.”

ब्रेक्केंनी जरा विचार केला. नियमात काही सापडेना. मग ते वाकले आणि त्यांनी लिफाफा बर्फावरून गोलकडं सरकवला. गुनवोरनं तो काठीनं थांबवला आणि हलकेच त्यांच्या पायाशी परत पाठवला. त्यांनी पुन्हा सरकवला, या वेळी डावीकडून. तिनं पाय आडवा टाकला. तिसऱ्या वेळी ब्रेक्के स्वतःच आडवे झाले.

बाकीच्या बायका कठड्याला टेकून बघत होत्या. “साहेब, गुडघे वाकवा!” तूवा ओरडली. “उभ्यानं नोकरी होते, हॉकी नाही होत!”

ब्रेक्के उठले, कपडे झटकले आणि त्यांनी बंदरापलीकडं फोन केला. वीस मिनिटांत पुरुष क्लबचे सातजण काठ्या घेऊन आले. बर्फ त्यांनाच मिळायचा होता, तेव्हा येणं भागच होतं. हुकमाच्या जादा प्रती बरोबर होत्या. हॉकीच्या त्या काळ्या रबरी चकत्या, त्यांच्यावर एकेक प्रत गुंडाळून वर चिकटपट्टी लावली. ब्रेक्केंनी घड्याळ काढून हातात धरलं.

पुढं आला ओदमुंड, त्यांचा सगळ्यात दांडगा गडी.

“गुनवोरताई, लागेल तुम्हाला,” तो म्हणाला.

“तुझी आई आमच्याकडून खेळायची, ओदमुंड. सरावात तिचे फटके मी खाल्लेत. तू मार.”

त्यानं मारला. तिनं हातमोज्यात झेलला. एकामागोमाग एक सातहीजणांनी मारले, मग दोघा दोघांनी मिळून मारले, मग शिस्त सोडून मारले. एक हुकूम तिच्या खांद्यावर आदळला, एक तोंडावरच्या जाळीवर. एक खांबाला लागून फिरला आणि अगदी रेषेवर येऊन गिरकी घेत राहिला. गुनवोर त्याच्यावर पोटावर पडली. बायका कठड्यावरून पुढं वाकल्या. ती उठली तेव्हा हुकूम रेषेच्या बाहेर होता.

बंदरावर बाराचा भोंगा झाला.

ओदमुंडनं काठी काखेत धरली. “आम्हाला बर्फ नको, साहेब,” तो धापा टाकत म्हणाला. “आम्हाला ही द्या.”

ब्रेक्के कठड्यावर कागद ठेवून अहवाल लिहायला बसले. हुकूम का बजावता आला नाही, त्याचं कारण द्यायचं होतं.

“हवामानामुळे, असं लिहितो,” ते म्हणाले.

गुनवोरनं तोंडावरची जाळी वर केली. चेहऱ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. “मी हवामान आहे?”

“मग तांत्रिक अडचण.”

“साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत झालंय. जे झालं ते लिहा. नऊ वर्षं कुणी लिहिलं नाही. आज तुम्ही लिहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही, आणि तुम्हालाही हलू देणार नाही.”

ब्रेक्केंनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागच्या रिकाम्या जाळीकडं पाहिलं. त्यांनी पेन टेकवलं.

“आडनाव काय तुमचं?”

“फ्लाटेन.”

“कमाल आहे,” ते मनापासून म्हणाले, “नऊ वर्षं झाली आणि आमच्याकडं तुमचं आडनावसुद्धा नाही.” त्यांच्या त्या मनापासून म्हणण्याचाच तिला जास्त राग आला. पण त्यांनी लिहिलं: ‘गोलरक्षक गुनवोर फ्लाटेन यांनी अडवले.’ तिनं ते वाचून घेतलं, आणि मगच वाट दिली.

शनिवारचा सामना लोमविकच्या बायकांनी एक-शून्य असा जिंकला. नगराध्यक्षांनी भाषणात बर्फाचे आभार मानले, कारण भाषण आधीच छापून झालं होतं.

अहवाल मात्र वरपर्यंत गेला आणि तिथं कुणीतरी तो नीट वाचला. सोमवारी नवा हुकूम निघाला: ‘यशास गोलरक्षक कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब, श्रीमती फ्लाटेन यांची सेवा पुरुष क्लबकडे वर्ग करण्यात येत आहे.’ दुपारी बारापर्यंत तो त्यांच्या राहत्या घराच्या दारात द्यायचा होता.

गुनवोरला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती चहा घेत होती तेवढ्यात तूवाचा फोन आला.

“अगं, मैदान बंद आहे! खालचं सिमेंट उघडं पडलंय. बर्फानं रजा टाकलीय, एका दिवसाची. नऊ वर्षांतली पहिलीच.”

“कारण काय दिलंय?”

“घरगुती.”

गुनवोरनं कप ठेवला आणि खिडकीचा पडदा सारला. फाटकापासून तिच्या दाराच्या पायरीपर्यंत बर्फ पसरला होता, स्वच्छ, गुळगुळीत, मैदानाची मधली तांबडी रेघ जशीच्या तशी. फाटकाच्या आत ब्रेक्के लिफाफा घेऊन बसले होते. ते उठले, दोन पावलं आले आणि घसरत पुन्हा फाटकाशी जाऊन बसले. त्यांची टोपी एकटीच घसरत पायरीकडं निघाली होती. अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि हळूहळू माघारी गेली.

असं बाराचा भोंगा होईपर्यंत चाललं. मग ब्रेक्केंनी बसल्या जागीच मांडीवर कागद घेतला.

गुनवोरनं खिडकी उघडली.

“साहेब,” ती म्हणाली, “कुणी अडवलं ते नाव घेऊन लिहा.”

“तेच लिहितोय, बाई,” ब्रेक्के म्हणाले, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.