कपाटाला हसलेला इसम

आजवर माझ्या नजरेतून एकच गोष्ट निसटली. ती समुद्रपूरची मोटार होती, आणि तीही वेळेआधी सुटली होती. मी हिंगणघाटातील एकमेव खाजगी गुप्तहेर आहे. मराठी घेऊन बी. ए. झाल्यामुळे माणसाच्या अंतःकरणातला काळोख मला लख्ख दिसतो. नोकरी मात्र अद्याप दिसलेली नाही.

प्रस्तुत प्रकरण सन १९५८चे. निवृत्त मुख्याध्यापक प्रभाकरराव यांनी गावात चित्रपट मंडळ स्थापन केले आणि रविवारी सकाळी टॉकीजमध्ये एक परदेशी चित्रपट दाखवला. त्यात दोन भाऊ मामाचा खून करतात, प्रेत नक्षीदार कपाटात कोंबतात आणि ते कपाट गावभर ओढत नेतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण लाकडाची तारीफ करतो. प्रभाकररावांनी आधीच चार पानी पत्रक वाटले होते: कपाट म्हणजे मानवाचे एकाकीपण, ओढणे म्हणजे अस्तित्व. त्यामुळे सारे प्रेक्षक दहाव्याला आल्यासारखे बसले होते. पडद्यावर एका पाद्र्याने, आपले झगे त्यात मावतील का हे पाहण्यासाठी, कपाटाला टेप लावली. आणि त्या दगडी शांततेत कोणीतरी हसले.

काळ्या पाण्यावर चांदणे फुटावे तसे ते हसू होते. प्रभाकररावांच्या मते तो कलेचा खून होता. गुन्हेगाराचे नाव सोमवारी चारपर्यंत शोधण्याचे काम त्यांनी मला दिले.

मी प्रथम ठरवले की हसू चित्रपटातलेच असावे. पण रिळे दुपारच्याच गाडीने नागपूरला परतली होती. मग वाटले, तो खोकला असेल. प्रेमदास कंपाउंडर जुना दमेकरी, म्हणून त्याला मी बावीस वेळा खोकायला लावले. तेविसाव्या वेळी त्याने मला दवाखान्याबाहेर काढले. शेवटी मी शुद्ध तर्काकडे वळलो. पत्रक वाचलेल्या माणसाने हसणे अशक्य. एकेचाळीस पुरुषांनी ते वाचले होते. न वाचलेला एकच: गेटकीपर तानबा, कारण त्याला वाचता येत नव्हते.

तानबा अकरा वर्षे त्या टॉकीजमध्ये होता आणि आईसह टॉकीजच्याच मागच्या खोलीत राहत होता. मालकाकडे तक्रार गेली की नोकरीसोबत छप्परही जाणार होते. प्रभाकररावांच्या ओसरीवर त्याला उभे केले, तेव्हा तो टोपी हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "साहेब, मी गेटावर बसतो. तिथून पडदा दिसतच नाई मले. कायले हासू?"

"न पाहता हसलास," मी म्हणालो. "हे तर अधिकच गंभीर."

प्रभाकररावांनी तक्रारीत नाव घातले आणि सहीसाठी टाक उचलला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी मंदाबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"तानबाले काऊन लटकवून राह्यले?" त्या म्हणाल्या. "मी हासली."

स्त्रियांचा विभाग आमच्या मागे, कमरेएवढ्या कनातीआड होता. तिकडे पत्रके वाटली नव्हती, आणि तिकडे कोणाला मत असेल ही शक्यता माझ्या तर्काला शिवलीही नव्हती.

प्रभाकररावांनी टाक खाली ठेवला. ती शोकांतिका होती, असे ते अगदी हळू म्हणाले.

"असन. पण समुद्रपूरहून आपलं कपाट आणलं, तवा हमालाचा पाय खाली अटकला होता. तो बोंबलून राह्यला, अन् तुम्ही म्हणे, पॉलिश सांभाळा. तेच दिसलं मले." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "अन् अच्युतभाऊ, तुमचे खांदे हालून राह्यले होते. मले मांगून दिसत होतं."

मी रडत होतो, असे मी सांगितले. त्यांनी साखर विचारली.

एवढ्यानेही प्रभाकररावांचा धीर सुटला नाही. पुढच्या वेळी पत्रके स्त्रियांकडेही जातील, म्हणजे असे गैरसमज होणार नाहीत, असे त्यांनी जाहीर केले.

"वाचलं म्यां ते घरी येऊन," मंदाबाई म्हणाल्या. "त्याच्यानं तं अजून हासू आलं."

प्रभाकररावांनी कागदाच्या प्रथम दोन, मग चार घड्या केल्या आणि अखेर तो फाडला. तानबाला जायला सांगितले. तो पायरीपर्यंत गेला, थबकला, आणि अकरा वर्षे पडद्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाच्या निरागसतेने त्याने विचारले, "साहेब, त्या कपाटात होतं तरी काय?"

एकाकीपण, असे सांगायला प्रभाकररावांनी तोंड उघडले. पण मंदाबाई आधी बोलल्या. "मामा."

"अन् लोकं लाकूड पाहून राह्यले होते?"

"हो."

तानबाने टोपी तोंडाशी धरली, पण उपयोग झाला नाही. तो तिथेच, चित्रपट मंडळाच्या अध्यक्षांच्या समोर, पोट धरून पायरीवर बसला. या वेळी साक्षीदार तीन होते, आणि तक्रारीचे तुकडे अंगणात उडत होते.